उत्तम सेविकेला दोनच तारे

धुळ्याच्या देवपुरात राहणारे झुलालनाना न्हाणीत घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, ही घटना वैद्यकीय होती. त्यानंतर जे घडलं ते सगळं प्रशासकीय होतं.

मुलगा ललित वरणगावला नोकरीला. रजा संपली तसा तो परत गेला, आणि जाताना 'सेवासावली गृहशुश्रूषा' या कंपनीचा दिवसपाळीचा माणूस लावून गेला. कंपनीचं धोरण छापील होतं. दर महिन्याला मूल्यमापन अधिकारी घरी येणार आणि रुग्णाला विचारून सेवेच्या गुणवत्तेला व सुरक्षिततेला तारे देणार. पाच तारेवाल्याला बढती देऊन जळगावच्या बड्या रुग्णांकडे पाठवणार. कमी तारेवाल्याला समज देऊन त्याच घरी ठेवणार, कारण दुसरं घर त्याला मागणार नाही.

नानांनी हे ललितकडून वाचून घेतलं आणि त्यांची कळी खुलली. उभी हयात त्यांनी बैलबाजारात काढली होती. धोरणाची भाषा साहेबी होती, पण व्यवहार ओळखीचा निघाला.

पहिला माणूस आला भिकन. भिकनची सेवा अत्यंत शांत होती. तो खुर्चीत बसून मोबाइल बघायचा आणि नाना पलंगावर पडून छत बघायचे. पाणी मागितलं की भिकन 'हो' म्हणायचा, आणि एकदा हो म्हटलं की काम झाल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. कूस बदलून द्यायला कोणी नसल्यामुळे नानांच्या पाठीला जखम झाली. नानांच्या पत्नी भागाबाई तक्रार करायला निघाल्या, तर नानांनी त्यांना पलंगाजवळ बसवून घेतलं.

"तक्रार करसूत तर त्याले शिकाडतीन, नि परत आपलाच घर धाडतीन," ते हळू आवाजात म्हणाले. "आपीन बसका बैल कसा इका व्हता? गरीब शे म्हणीसन." कामात बसून राहणारा बैल गरीब म्हणून गुण गाऊन विकायचा, ही बाजाराची रीत होती.

महिनाअखेरीस कंपनीचे नवलसाहेब आले. नानांनी भिकनची अशी स्तुती केली की खुद्द भिकनने मोबाइलमधून मान वर काढली. या माणसाने आपल्याला एकदाही उठवलं नाही, की कसला त्रास दिला नाही, असं नाना म्हणाले. आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. भिकनला पाच तारे, शाल, नारळ आणि जळगावची बस मिळाली.

त्याच्या जागी नूतन आली. तिने आल्या आल्या खिडकी उघडली, जखम पाहिली आणि कंपनीच्या नावाने दोन शब्द बोलली जे कंपनीच्या पत्रकात नव्हते. महिनाभरात जखम भरली. नाना काठी धरून आधी दारापर्यंत, मग ओट्यापर्यंत जाऊ लागले. ते कुरकुरले की ती म्हणायची, "नाना, गादीला तुमची इतकी सवय लागलीय, उद्या ती सोडायची नाही." नाना वरकरणी चिडायचे आणि सकाळी तिची वाट पाहत घड्याळाकडे बघायचे.

आणि म्हणूनच नवलसाहेब पुन्हा आले तेव्हा नानांनी तोंड वाकडं केलं. हवा असलेला बैल बाजारात पाहताना करतात तसं. पोरगी चालायची जबरदस्ती करते, फार बोलते, वारं आत सोडते, असं त्यांनी एकेक दाखवून दिलं. साहेबांनी गंभीरपणे दोन तारे नोंदवले. जाताना नूतनला समज मिळाली. नाना पांघरुणात तोंड घालून हसले. पोरगी आता कुठे जात नाही.

भागाबाईंना ते पटलं नाही. "पोरनं नाव खराब करी टाकं तुमीन," त्या म्हणाल्या. नानांनी त्यांना बाजारातलं काही कळत नाही असं सांगितलं.

दोन तारे वरणगावला ललितच्या मोबाइलवर उमटले. पाठीला जखम झाली तेव्हा सुटी न मिळालेला ललित तारे पाहून रजा टाकायला निघाला. त्याने कंपनीला फोन केला, कंपनीने धोरण बदललं. आता दोनदा कमी तारे पडले की सेविका कामावरून थेट घरी. मधल्या काळात नूतनला जळगावला सुधार प्रशिक्षणास धाडण्यात आलं. प्रशिक्षक होता भिकन. त्याच्या नावावर रुग्ण पडल्याची एकही नोंद नव्हती. ज्याला कोणी उठवतच नाही तो पडणार कसा, हा प्रश्न तक्त्यात बसत नव्हता. व्याख्यानाचा विषय होता, 'हालचाल : एक टाळता येणारा धोका'.

नूतन परतली ती नोटीस घेऊन. आता नानांची झोप उडाली. पाच तारे दिले तर पोरगी जळगावला, दोन दिले तर घरी. तीन मात्र 'समाधानकारक, यथास्थिती'. नाना आठवडाभर तीन ताऱ्यांचा सराव करत होते: एक गुण, एक खोड, पुन्हा एक गुण.

ठरल्या दिवशी बेल वाजली. नूतनचे हात कणकेत, भागाबाई गच्चीवर. दाराशी माणूस ताटकळतोय हे नानांना कधीच सोसलं नव्हतं. ते उठले, काठीही न घेता गेले आणि दार उघडून "या, या, बसा" म्हणाले.

दारात भिकन उभा होता, आता मूल्यमापन अधिकारी. तो नानांच्या पायांकडे पाहत राहिला. मग त्याने लिहिलं : 'रुग्ण विनाआधार चालताना आढळला. गंभीर सुरक्षा त्रुटी.'

ते पाहून नाना सगळा सराव विसरले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्याला हव्या असलेल्या गोष्टीचं खरं मोल सांगितलं. ही आली म्हणून मी उभा आहे, तुझ्या वेळी मी कुजत होतो, मागचं सगळं मी खोटं सांगितलं होतं.

भिकनने शांतपणे ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात तो पूर्वीपासूनच तयार होता. "मागच्या वेळी तक्रार आणि आज एवढं कौतुक," तो म्हणाला. "नाना, घाबरू नका. दबाव कोणाचा आहे ते आम्हाला कळतं."

'रुग्णावर दबाव' असा शेरा पडला आणि एक तारा.

नूतनने हात धुतले, पिशवी उचलली. नानांनी तिला बैलबाजाराची सगळी रीत समजावून सांगितली. तिने ती पूर्ण ऐकली.

"पण नाना, विकत घेतल्यावर तरी लोक बैलाचं कौतुक करतात ना?" एवढंच म्हणून ती गेली. हल्ली ती साड्यांच्या दुकानात उभी असते.

ललितने या वेळी धोका पत्करला नाही. भिकनच्या हाताखाली तयार झालेला, पाच तारेवाला मुलगा त्याने लावला. नाना आता पूर्णपणे सुरक्षित आहेत. छत बघतात.

उद्या तुमच्याकडे कोणी पडलं तर तुम्हीही मोबाइलवर कंपनीच्या सेवकांची ताऱ्यांनुसार लावलेली यादी उघडाल आणि वरून पहिलं नाव निवडाल. त्यात तुमची चूक नाही; इतक्या लोकांनी तारे दिलेत म्हणजे काहीतरी असणारच. ते लोकही तुमच्यासारखेच सज्जन आहेत. मोबाइलवर 'सेवा कशी वाटली?' असा चौकोन आला, तो हटेना, आणि हातात दुसरं काम होतं, म्हणून त्यांनी पाच तारे दाबले.