भास्करभाऊंची भाड्याची गाडी

माझे थोरले मेहुणे भास्करभाऊ भाजीबाजारातसुद्धा कुजबुजून बोलतात. वाघांच्या जंगलाच्या मोहर्ली गेटवर वर्षानुवर्षं पर्यटकांची जिप्सी चालवून त्यांचा आवाज कायमचा खाली बसला आहे. वांग्याचा भाव ते अशा सुरात विचारतात, की भाजीवाली वाकून कान पुढे करते आणि तीही कुजबुजूनच उत्तर देते. आजूबाजूची गिऱ्हाइकं उगाच थांबतात, काहीतरी भानगड असावी म्हणून. आमच्या लग्नात बहिणीची पाठवणी करताना त्यांनी माझ्या कानात काहीतरी महत्त्वाचं सांगितलं होतं. बँडच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. बायकोशी वाजलं की मला वाटतं, बहुधा हेच सांगत असतील.

त्यांच्याकडून कशाचाही शब्द मिळत नाही. वाघ दिसेलच असं पर्यटकाला कधी म्हणायचं नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा, आणि तो त्यांनी संसारातही चालू ठेवला आहे. 'रविवारी जेवायला या,' म्हटलं की म्हणतात, "येतो जवाईबापू. पन गॅरंटी नाई." येतात, पोटभर जेवतात, आणि 'वरण बरं झालं का?' असं बायकोनं विचारलं की पुन्हा तेच.

मूल गावात माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे त्यांची फेरी असते. आम्ही त्यांच्या जिप्सीत असलो आणि बाजारात पुढे धानाचा ट्रॅक्टर अडला, की सगळं जग हॉर्न वाजवतं. हे इंजिन बंद करतात आणि हात वर करून आम्हाला गप्प बसवतात. "हलू नका. निंगन तो." तो निघतोही, पण तोपर्यंत मागच्या गाड्यांनी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केलेला असतो.

अशा माणसाबरोबर मी हैदराबादला जायचं ठरवलं. चूक माझी नाही, बायकांची. पावसाळ्यात जंगल बंद, शेतातली रोवणी आटोपलेली, आणि लीलावहिनींनी, म्हणजे भास्करभाऊंच्या पत्नीनं, आजवर मोठं शहर म्हणून चंद्रपूरच पाहिलेलं. उन्हाळाभर नवरा गेटवर, पावसाळाभर बाई धानाच्या बांधीत. या वेळी माझ्या बायकोनं वहिनींना शब्द दिला की चार दिवस सगळं शहर डोळे भरून दाखवीन. तो शब्द पाळायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मी हिशेबी माणूस. म्हटलं, तिथे एक गाडी भाड्यानं घेऊ. घरचा ड्रायव्हर आहे, वहिनींचे गुडघे दुखतात, दारात बसायचं, दारात उतरायचं. यात वाद घालण्यासारखं काय आहे? पण भास्करभाऊंनी घातला.

"तिथले रस्ते मले मालूम नाई," ते फोनवर कुजबुजले.

मी सांगितलं, मोबाईल रस्ता दाखवतो. दुसऱ्या दिवशी म्हणाले, बंद काचेच्या गाडीत जीव गुदमरते. मी म्हटलं, काचा उघडू. तिसऱ्या दिवशी एसीनं नाक गळतं. बंद ठेवू. मग गाडीच्या रंगावर आले; पांढरी गाडी लवकर मळते म्हणे. गाडी आपली नाही, भास्करभाऊ, मळली तर मळली! मी दुकानात एका हातात खोकल्याचं औषध आणि दुसऱ्या हातात फोन धरून ओरडत होतो, आणि पलीकडून शांतपणे येत होतं, "घाई नाई. पाहू."

शेवटी त्यांना न विचारता मी मोबाईलवरून गाडी ठरवून टाकली. रेल्वेत बायका एका बाजूला रात्रभर बोलत बसल्या, हे दाराशी उभे. मला वाटलं, विषय संपला.

सकाळी आम्ही गाडी घ्यायला गेलो. बायकांना समोरच्या टपरीवर चहाला बसवलं. भास्करभाऊंनी गाडीभोवती फेरी मारली, टायर दाबले, वाकून खालची जमीन पाहिली. किल्ली देणारा पोरगेला बाबू मला हळूच हिंदीत विचारू लागला, साहेबांचं काही हरवलंय का? मग ते चालकाच्या सीटवर बसले, स्टिअरिंगवर हात ठेवला आणि तसेच बसून राहिले. एकदम उतरले, मागचं दार उघडलं आणि मागे जाऊन बसले.

"इथून चांगलं दिसते," ते म्हणाले.

माझा तोल गेला. "मागे बसून गाडी चालत नसते, भास्करभाऊ! आठ दिवस झाले माझं डोकं खाताय. गाडी घ्यायची का नाही, एकदा काय ते सांगा. त्या बाईला शहर पाहायचंय, आणि तुमच्या नखऱ्यांपायी ती चहाच पीत बसणार आहे."

त्यांनी टपरीकडे पाहिलं. वहिनी बशीत चहा ओतून फुंकत होत्या.

"बसा थोडे," ते म्हणाले. मी धुसफुसत शेजारी बसलो.

"जवाईबापू, वाघ निंगाला का मागचे लोकं येडे होते म्हनते. कोनी रडते, कोनी तोंडावर हात ठेवते. गाइड सांगते मले मंग. मी नाई पाहात. माही नजर रस्त्यावर राह्यते, गाडी मागं घ्या लागते, पुढं घ्या लागते." टपरीकडे पाहतच म्हणाले, "लीलाले बी नेलं होतं एकडाव. वाघीन आली, पिल्लं होते संगं. लय खुश झाली म्हनते. गाइडच सांगून राह्यला होता. मोटरसायकलवर बी ते मागंच बसते. इतके वर्सं झाले, खुश झाली का ते कशी दिसते, हे मले दुसऱ्यानं सांगा लागते."

रागावलेल्या माणसाला असं काही ऐकवू नये. सगळा राग वाया जातो.

"मग हे फोनवर सांगायला काय झालं होतं?" मी विचारलं.

"असं कोनी सांगते का?"

मी म्हटलं, ड्रायव्हरवाली गाडी करू, मी पुढे बसतो. त्यांनी मान हलवली. "तुमची बायको आमच्या दोघाइच्या मंदात बसन. लहानपनापासून सवयच हाय तिची." हे मात्र अगदी खरं होतं.

गाडी परत केली. बाबूनं कारण विचारलं. मला सांगता येईना, म्हणून रंग आवडला नाही म्हटलं. बायकोनं भर रस्त्यात माझी खरडपट्टी काढली, ठरलेली गाडी सोडणारा माणूस म्हणून. भास्करभाऊ तेव्हा एक शब्द बोलले नाहीत, आणि याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

आम्ही दोन ऑटो केल्या. एकीत ते दोघं, दुसरीत आम्ही. उन्हात, धुरात, खड्ड्यांतून दिवसभर हिंडलो. प्रत्येक ठिकाणी वहिनींना हात धरून चढवावं लागलं, उतरवावं लागलं, आणि ते काम भास्करभाऊंनी मला करू दिलं नाही.

संध्याकाळी तलावाकाठच्या सिग्नलला आमची ऑटो त्यांच्या बाजूला येऊन थांबली. पाण्याच्या मधोमध उभी असलेली एक उंच मूर्ती दिव्यांनी उजळली होती. वहिनी बाहेर डोकं काढून बघत होत्या, तोंड उघडंच राहिलं होतं, पदर खांद्यावरून घसरला होता तरी भान नव्हतं. भास्करभाऊ तलावाकडे पाठ करून, सीटवर आडवे वळून बसले होते.

"अवो, तिकडं पाहा न," वहिनी त्यांना कोपरानं ढोसत म्हणाल्या. "माह्या तोंडाकडं काय पाहून राह्यले?"

सिग्नल सुटला, त्यांची ऑटो पुढे गेली, तरी भास्करभाऊ तसेच वळून बसलेले होते.