बर्फाच्या कप्प्यातला डबा

"यंदाचं जेवणही इथेच होईल. आणि सगळं मी एकटा करणार. तुम्ही फक्त तोंड घेऊन यायचं," थंडोबांनी थोरल्या बहिणीला फोनवर ठणकावून सांगितलं.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांना घरी जेवायला बोलवायचा रिवाज थंडोबांच्या बायकोने पाडला होता. तिला जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

"तुला धड चहा तरी करता येतो का रे?" ताईंनी विचारलं.

"ताई, उभा जन्म यंत्रं थंड करण्यात गेला माझा. एक पातेलं गरम करायला काय अक्कल लागते?"

थंडोबा हे अर्थातच खरं नाव नव्हे. ते फ्रीज दुरुस्त करायचे, म्हणून गल्लीने ते ठेवलं होतं. डोकं मात्र कायम तापलेलं असायचं, पण बायको गेल्यापासून तेही तापेनासं झालं. दिवसभर कुणाच्या तरी फ्रीजमागे गुडघे टेकून बसायचं, घरी येऊन दुधात पाव बुडवून खायचा आणि आडवं व्हायचं. लग्न झालेली लेक रविवारी जेवणाचा डबा घेऊन यायची. थंडोबा दोन घास खाऊन म्हणायचे, "बरं आहे. पण आईची सर नाही." लेक डबा धुऊन परत न्यायची.

त्यांचा जीव अडकला होता फ्रीजमध्ये, अगदी वरच्या बर्फाच्या कप्प्यात. मागच्या वर्षअखेरीला बायकोने पातेलंभर भोपळ्याचं सूप केलं होतं. उरलेलं तिने एका डब्यात भरून बर्फात ठेवलं, "पुढच्या आठवड्यात खाऊ" म्हणाली, आणि पुढचा आठवडा काही तिने पाहिला नाही. ती गेली तेव्हा थंडोबा कुणाच्या तरी फ्रीजमागे होते. तो डबा थंडोबांनी कधी उघडला नाही. वीज गेली की हातातला पाना टाकून ते घरी धावत आणि फ्रीजभोवती गोधडी गुंडाळत. ती या घरात अजून थोडी शिल्लक आहे, असं त्यांना वाटे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंही.

उन्हाळ्यापासून फ्रीज अधूनमधून कण्हायला लागला होता. दुसऱ्याचा असता तर त्यांनी कधीच खोलला असता. पण हा खोलायचा म्हणजे डबा बाहेर काढावा लागणार. त्यामुळे फ्रीज कण्हला की ते पडल्या पडल्या "हं, हं" म्हणत आणि कूस बदलत. दुसऱ्या कारागिराला बोलावण्याचा तर प्रश्नच नव्हता. "माझ्या फ्रीजला परका हात लागलेला नाही," असं ते छातीठोकपणे सांगत, विशेषतः पलीकडच्या गल्लीतल्या मिशाळचं नाव निघालं की. मिशाळचाही धंदा हाच. थंडोबांच्या मते तो बिघाड दुरुस्त करत नसे, फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवत असे.

शेवटी ती संध्याकाळ उजाडली म्हणायची. थंडोबांनी बायकोच्याच पातेल्यात भोपळा चढवला, आणि तो शिजेपर्यंत तिच्या खुर्चीवर जरा टेकले. टेकले ते टेकलेच. ताई, त्यांचे यजमान, शेजारचे निवृत्त मास्तर आणि लेक दारात आली, तेव्हा घरातून धूर त्यांच्या स्वागताला बाहेर येत होता. भोपळ्याचं आणि पातेल्याच्या बुडाचं असं काही लग्न लागलं होतं की फारकत मिळणं शक्य नव्हतं.

"असू दे. पाव तर आणलेत ना?" मास्तरांनी समजूत घातली.

पावही आणायचे राहिले होते. थंडोबा तोंड लपवायला निमित्तच शोधत होते. पिशवी घेऊन ते बेकरीकडे निघाले, आणि तिथे अख्खी वस्ती आज उपाशी असल्यासारखी गर्दी होती.

ते परत आले आणि उंबरठ्यातच थबकले. घरात तिच्या सुपाचा वास पसरला होता. एक क्षण त्यांना वाटलं, ती आत आहे.

आत ताई होत्या, हातात पळी घेऊन. "अरे, इतकं छान आधीच करून ठेवलं होतंस आणि बोलला नाहीस? बर्फ खरवडून काढला मी डबा. चांगलं खळखळून उकळलंय."

टेबलाभोवती चमचे वाजत होते. "अगदी वहिनींच्या हातचं," दाजी म्हणाले. खरं सांगावं तर ताईंना जन्मभराची रुखरुख. न सांगावं तर डोळ्यांदेखत बायको चमच्याचमच्याने संपतेय. लेक तेवढी खाली मान घालून बसली होती. तिची वाटी भरलेली होती.

"अजून पळीभर होऊ द्या," मास्तरांनी वाटी पुढे केली.

"नको मास्तर, भोपळा वातूळ. गुडघे धरतील," थंडोबा घाईने म्हणाले.

"ते कधीचेच धरलेत. आता काय सोडणार आहेत? वाढा."

दाजींचीही वाटी पुढे आली. ताईंनी पळी बुडवली. थंडोबांना दुसरं काही सुचेना.

"झुरळ," ते म्हणाले. "सुपात झुरळ पडलं होतं."

चमचे थांबले. मास्तरांनी तोंडातला घोट आत न्यावा की बाहेर, याचा बराच विचार केला. दाजी वाटीत डोकावून आपल्या वाट्याला काय आलंय ते बघू लागले. ताई मात्र विचार करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी पातेलं उचललं आणि तडक मोरीकडे निघाल्या.

थंडोबांनी धावत जाऊन पातेलं दोन्ही हातांनी धरलं. ते अजून चटका देत होतं.

"सोड, ताई."

"अरे, झुरळ पडलेलं सूप कसलं जपतोस?"

"झुरळ नव्हतं. हे तिने केलंय. गेल्या वर्षीचं. एवढंच उरलं होतं तिच्या हातचं."

ताईंनी हात सोडला आणि त्या मटकन खाली बसल्या. "मला मेलीला काय ठाऊक," म्हणून डोळ्यांना पदर लावला. "गेल्या वर्षीचं?" एवढंच मास्तर हळूच पुटपुटले आणि त्यांचा हात पोटाकडे गेला. झुरळ परवडलं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. थंडोबा पातेलं कवटाळून उभे होते.

"बाबा, ते खाली ठेवा. हात भाजतील," लेक उठून जवळ आली. "आणि ते आईचं नाहीये. मी केलेलं आहे."

ताईंनी डोळ्यांवरचा पदर काढला.

"उन्हाळ्यात तुमचं हर्नियाचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा तुमचे कपडे न्यायला मी इथे आले. फ्रीज बंद पडला होता. स्वयंपाकघरभर पाणी. आईचं सूप नासलं होतं, बाबा. टाकून द्यावं लागलं. मग भोपळा आणला आणि तिच्यासारखं करून त्याच डब्यात भरून ठेवलं."

"अगं, मग सांगायचं नाहीस?" ताई म्हणाल्या.

"कसं सांगू आत्या? दवाखान्यातून आले ते टाक्यांवर हात धरून आधी फ्रीजपाशीच गेले. कप्पा उघडून बघितला, मगच पाणी मागितलं."

थंडोबा पातेलं टेबलावर ठेवून खुर्चीत बसले. म्हणजे उन्हाळ्यातच ती गेली होती, दुसऱ्यांदा, आणि त्या वेळीही ते घरात नव्हते. तेव्हापासून ते गोधडी गुंडाळत होते ती लेकीच्या सुपाला. त्यांना फार एकटं वाटलं.

मग त्यांनी लेकीची वाटी ओढून घेतली आणि एक चमचा तोंडात घातला. तीच चव होती. मीठसुद्धा तिच्यासारखंच, किंचित जास्त. दर रविवारी ही चव घरी येत होती आणि धुतलेल्या डब्यातून परत जात होती. त्यांनी खाली मान घालून वाटी संपवली. आता काहीतरी बोलायला हवं होतं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते, आणि लेक तर श्वास रोखून.

"मग फ्रीज कुणी दुरुस्त केला?" थंडोबांनी विचारलं.

लेकीने जमिनीकडे बघितलं. "मिशाळकाकांनी."

"तरीच," थंडोबा म्हणाले, "तेव्हापासून कण्हतोय." आणि त्यांनी रिकामी वाटी लेकीपुढे धरली.