पाळण्यातली डबी गाढ झोपली

"महिन्याच्या आत डबीची बॅटरी संपली तर नाव बदलेन!" तिनं साहेबांना छातीठोकपणे सांगून टाकलं.

यंत्रांच्या पोटातले प्रोग्रॅम लिहिणं हा तिचा पेशा, आणि पाळण्यातली लेक हा तिचा जीव. लेकीला साधी शिंक आली तरी हिच्या काळजाचा ठोका चुकायचा! म्हणून घरून काम हवं होतं. साहेब म्हणाले, "तुमची ती पाळण्याची डबी घरी चालवून दाखवा. चालली, तर परवानगी दिली!"

हिनंच बनवलेल्या या डबीचं काम ते काय? एरवी बॅटरी वाचवत झोपून राहायचं. बाळ रडलं की माइकनं तिला ढोसायचं, याला त्यांच्यात इंटरप्ट म्हणतात. मग डबीनं उठून आईच्या आवाजातली अंगाई लावायची आणि परत झोपायचं.

दुपारी लेक झोपली. लॅपटॉपवर साहेब आले. दाराशी सासूबाई, हाताची घडी घालून.

लेक जराशी कुरकुरली. डबी तत्काळ जागी! "झोप गं सोनुले..." हिचा ऊर भरून आला.

"झोप गं... झोप गं... झोप गं..."

"अगं, पुढची ओळ तरी म्हणू दे तिला!" सासूबाई म्हणाल्या.

हिच्या लक्षात आलं, गाताना माइकचे कान बंद ठेवायचेच राहिले होते! डबी स्वतःचंच गाणं ऐकायची, बाळ रडलं समजून दचकायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. लेक टक्क जागी!

"एक मिनिट हं, साहेब!" घाईघाईनं तिनं लॅपटॉपवरून इंटरप्टच बंद केला.

डबी गप्प. "वा!" साहेब खूश. "विजेचा खर्च जवळजवळ शून्य!"

आणि लेकीनं भोकाड पसरलं. डबी ढिम्म! तिला उठवायची एकुलती एक वाट हिनंच बुजवली होती. झोपेत तिला लॅपटॉपचाही निरोप पोचत नाही. बटण ठेवलेलं नाही. बॅटरी काढून परत घालावी, तर लेकीनं काही गिळू नये या धास्तीनं झाकणही कायमचं चिकटवलेलं. ही डबीला गदागदा हलवू लागली. "ऊठ गं बाई, ऊठ!"

"सूनबाई, झोपवायचं नक्की कुणाला होतं?" सासूबाईंनी नातीला खांद्यावर टाकलं, जरा थोपटलं. भोकाड बंद!

साहेबांचा चेहरा उजळला. "अहो मॅडम, घरी तर उत्तम सोय आहे! उद्यापासून ऑफिसला या."

आता डबी ऑफिसच्या कपाटात झोपलेली असते. महिना कधीच उलटला. बॅटरी संपायचं नाव नाही. हिचं नाव तेवढं शाबूत राहिलं.