घराला कळलेला धोका

जावईबापू लिफ्टच्या कारखान्यात सुरक्षा तपासणीचे इंजिनिअर होते. सासूबाई लेकीकडे राहायला आल्या, त्याच आठवड्यात जावईबापूंनी हौसेने घरातला गॅस, खिडक्या आणि दाराचं कुलूप एकमेकांना जोडून टाकलं. या सगळ्यांवर हुकूम चालवायला भिंतीवर एक डबा बसवला. घरात जे घडेल त्यातून शिकत जायचं, हे डब्याचं काम.

रविवारी सकाळी दूध उतू गेलं, ज्योत विझली आणि गॅसचा वास सुटला. डब्याने लगेच गॅस तोडला, खिडक्या उघडल्या आणि माणसांना पळता यावं म्हणून दारही उघडलं. इथवर सगळं शहाण्यासारखं झालं. जावईबापू बाहेर डोकावायला गेले. खिडक्या सताड उघड्या आणि दारात माणूस, हे पाहून कुलपाला चोराचा संशय आला. दार धाडकन लागलं आणि जावईबापू बाहेरच राहिले.

जावईबापू डगमगले नाहीत. त्यांनी मोबाइलवरून सगळं पुन्हा सुरू केलं. शेगडीचं बटण चालूच होतं, त्यामुळे गॅसही पुन्हा सुटला. खिडक्या उघडल्या, दार उघडलं, जावईबापू पुढे सरसावले आणि दार त्यांच्या नाकावर लागलं. कुलूप जरा उतावीळ आहे असं ठरवून त्यांनी तोच प्रयोग आणखी एकदा केला. नाकाचंही तेच झालं.

शेवटी सासूबाईंनी उठून शेगडीचं बटण बंद केलं.

घर शांत झालं. बायकोसाठी दार मुकाट्याने उघडलं, पण नवरा उंबरठ्याशी येताच ते पुन्हा मिटलं. डब्यावर आणि जावईबापूंच्या मोबाइलवर एकच निरोप उमटला: दोनदा गॅस पुन्हा सोडला गेला, दोन्ही वेळा हुकूम याच माणसाचा, याला आत घेणं धोक्याचं.

"यात चुकलंय काय ते सांग," बायको खिडकीतून म्हणाली, "म्हणजे मी ते डब्यातून काढून टाकते."

कारखान्यात तपासणीचे अहवाल वाचत तसाच त्यांनी तो निरोप सावकाश, वरपासून खालपर्यंत वाचला. खोट काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

"काही चुकलेलं नाही," ते पडेल आवाजात म्हणाले.

बऱ्याच विनवण्यांनंतर डबा एका अटीवर राजी झाला. घरातल्या भरवशाच्या माणसाने हमी द्यायची. बायकोने पुढे होऊन हमी दिली, ती त्याने नाकारली. दूध तिनेच ठेवलं होतं.

मग सासूबाई दाराशी आल्या. दार अदबीने उघडलं.

"या जावईबापू, बसा," पदर सावरत त्या म्हणाल्या. "फक्त कशाला हात लावू नका."