उसवलेलं विमान

हाताचा कंप वाढत गेला, तेव्हा व्यंकटरावांनी आपलं अर्धवट विमान बद्रीनाथच्या हवाली केलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी सुट्या भागांचं विमान पेट्यांमधून परदेशातून मागवलं होतं आणि उस्मानपुऱ्यातल्या दिवाणखान्यात ते रिवेट मारून जोडत बसले होते. शेपूट झालं, एक पंख झाला, दोन माणसं शेजारी-शेजारी बसतील एवढं धड झालं, आणि मग आमटीचा चमचाही तोंडापर्यंत पोचेना. विमान देताना त्यांनी एकच अट घातली, एकदा त्यात बसू द्यायचं. त्यांच्या पत्नी अनसूयाबाईंनी कसलीच अट घातली नाही. इतक्या वर्षांनी पाहुण्यांना स्वयंपाकघराऐवजी दिवाणखान्यात बसवता येणार म्हणून त्यांनी बद्रीनाथला वाटीभर शिरा खाऊ घातला.

बद्रीनाथ त्यांच्या ओळखीतला, देवगाव रंगारीच्या शेतकरी घरातला. वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि हर्सूलला त्याच्या घरामागे पत्र्याची मोठी शेड होती. लहानपणी वावरात उभं राहून त्याने विमानं बघितली होती, तेवढ्या भांडवलावर त्याने होकार दिला. चुलतभाऊ कडूबा गावाहून ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आला. ट्रॉलीबाहेर आलेलं शेपूट बघून प्रत्येक सिग्नलला कोणीतरी विचारी, मिरवणूक कोणत्या पक्षाची. कडूबाने प्रत्येक ठिकाणी वेगळा पक्ष सांगितला.

शेडच्या उजेडात मात्र बद्रीनाथने धड दोन्ही बाजूंनी नीट बघितलं. उजवी बाजू आधीची होती, तिचे रिवेट कसे ओळीत बसलेले. डावी बाजू हात थरथरायला लागल्यानंतरची. तिथे भोकं चिंचोक्यासारखी लांबट झालेली, रिवेट तिरके, काहींची डोकी तडकलेली. असं विमान हवेत नेलं असतं तर पत्रा वर आणि माणूस खाली, अशी वेळ आली असती. दुसरा इलाज नव्हता. बद्रीनाथ कामावरून आला की ड्रिल घेऊन एकेक रिवेट काढायला बसू लागला.

व्यंकटराव फोन करत. डावी बाजू कशी आहे, असं हटकून विचारत. तिच्यावरच काम चाललंय, असं बद्रीनाथ सांगे. हे खोटं नव्हतं, म्हणून तर त्याला जास्तच टोचत असे. त्याची बायको सारजा दारातून हा उद्योग बघत होती.

"लोकं इमान बांधतेत," ती म्हणाली, "तुम्ही उसवायलेत."

अशात एका शनिवारी अनसूयाबाईंचा फोन आला. व्यंकटरावांना आता घास गिळायलाही त्रास होत होता. त्यांना उद्याच विमानात बसायचं होतं, पुढचा भरवसा डॉक्टरांनाही नव्हता. नाही म्हणायची सोय नव्हती. बद्रीनाथने डाव्या बाजूचा सुटा पत्रा स्प्रिंगच्या चिमट्यांनी कसाबसा जागेवर धरून ठेवला आणि त्यावर गोधडी टाकली. कोणी विचारलंच तर धूळ बसते म्हणून सांगायचं, असं ठरवलं.

रविवारी व्यंकटराव आले. बद्रीनाथ आणि कडूबाने त्यांना उचलून अलगद आत बसवलं. समोर शेडची पत्र्याची भिंत होती, तिच्यावर खोरं आणि गेल्या वर्षीचं कॅलेंडर लटकत होतं. व्यंकटराव तिकडे असे बघत राहिले, की बद्रीनाथनेही दोनदा वळून बघितलं.

अर्ध्या तासाने त्यांना बाहेर काढायला गेले, तर ते जागचे हलेनात. अंग लाकडासारखं ताठ. कडूबाने काखेत हात घालून ओढलं, तसं व्यंकटरावांबरोबर सगळं विमान उचललं गेलं. या दुखण्यात अंग कधी कधी असं आखडतं, असं अनसूयाबाई म्हणाल्या. घरून गोळी आणवली, ती दिली, गुण येईना. मग जेवणवेळ झाली. अनसूयाबाईंनी विमानाशेजारी स्टूल मांडून वरणभात भरवला. लघवीची सोय कडूबाने पाण्याची बाटली कापून केली.

तोवर गल्ली गोळा झाली होती. अडकलेल्या बांगडीला लावतात तसं तेल लावून बघा, हा सारजाचा सल्ला. शेजारचे नानासाहेब पोलिसात जमादार होते, त्यांनी अग्निशामक दलाला बोलावण्याचा हुकूम दिला आणि तोवर आपणही एक झटका देतो म्हणून हात घातला. झटक्याबरोबर दोन चिमटे सुटले. त्यातला एक नानासाहेबांच्या कपाळाला लागला. गोधडीखालचा पत्रा खडखड वाजला. गॅस कटर आणा, असं मागून कोणीतरी ओरडलं.

"कापू नका," व्यंकटराव इतका वेळ बोलले नव्हते, ते बोलले.

बद्रीनाथने सगळ्यांना शेडबाहेर काढलं. आत तो, व्यंकटराव आणि अनसूयाबाई एवढेच राहिले. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"साहेब, कापायची गरज नाय," तो म्हणाला. "डावी बाजू मोकळीच हाय. मी समदे रिवेट काढलेत."

त्याने गोधडी ओढली. रिकाम्या भोकांच्या ओळी उघड्या पडल्या. व्यंकटरावांनी मान वळवून त्या बघितल्या, खूप वेळ बघितल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते बद्रीनाथने बघितलं नाही, त्याने खाली बसून चिमटे काढायला सुरुवात केली. शेवटचा चिमटा निघाला आणि उशीचा अभ्रा निघावा तसा पत्रा निघून आला.

आत व्यंकटरावांचे पाय दिसले. दोन्ही पावलं त्यांनी पुढच्या आडव्या पट्टीखाली अडकवून घट्ट रोवली होती. डाव्या हाताने त्यांनी बैठकीखालची कड धरली होती, इतकी घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडली होती. आणि तो हात थरथरत नव्हता.

बद्रीनाथने अनसूयाबाईंकडे बघितलं. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि तोंड भिंतीकडे केलं. साहेब मुद्दाम अडकून बसलेत हे त्यांना केव्हापासून माहीत होतं, ते त्याने विचारलं नाही.

बाहेरून कडूबाने हाक दिली, साहेब निघाले का.

"नाय," बद्रीनाथ म्हणाला. "अजून अडकलेत. चहा टाकायला सांग."

त्याने गोधडी उचलून व्यंकटरावांच्या पायांवर पांघरली आणि स्वतः जमिनीवर बसला. थोड्या वेळाने व्यंकटराव हलक्या आवाजात म्हणाले, "घाबरू नकोस. आता फार दिवस लागणार नाहीत."

बद्रीनाथच्या डोक्यात अजून ती भोकंच होती. त्याला वाटलं, साहेब विमानाचंच बोलतायत. लपवालपवी करून तो आता थकला होता.

"कुठलं साहेब," तो म्हणाला. "ही बाजू नव्यानं करायची म्हंजी चार वर्षं तरी धरा."

व्यंकटराव त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांची बोटं कडेवरून एकेक करून सुटली आणि हात पुन्हा थरथरायला लागला.

"चार?" ते म्हणाले. "बरं. मग मला आता बाहेर काढ."