पंक्चरच्या दुकानातली लॅटिन

प्रिय अद्वैत आणि सई,

आपल्या उमरग्याच्या शेजारच्या सत्तार मास्तरांबद्दल आत्ताच लिहून ठेवते. दिवाळीत तुम्ही याल तेव्हा त्यांना तुम्ही आठवणार नाही, आणि लॅटिन तर नाहीच.

मास्तर लॅटिनमध्ये पंक्चर काढत. ट्यूब घासायची, सोल्यूशन लावायचं आणि ते सुकेपर्यंत एकाच क्रियापदाची सहा रूपं म्हणायची: आमो, आमास, आमात... उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात दोनदा. मग ठिगळ. ट्रकवाल्यांना ती दुवा वाटे. "मास्तर, पुरी म्हना. मागल्या खेपेला अर्ध्यात सोडली, जळकोटला टायर बसलं."

हैदराबादेत विद्यापीठात ते लॅटिन आणि फ्रेंच शिकले, साहित्यासकट. शेवटची परीक्षा झाली, वडील गेले आणि हायवेवरचं दुकान गळ्यात पडलं. तरी दर गुरुवारी चारला ओसरीवर फळा टांगायचे: 'लॅटिन व फ्रेंच. मोफत.' पन्नास वर्षांत कुणी आलं नाही. मला म्हणायचे, "एक आला तरी बास, वैनी. ही विद्या माझ्यासंगं कबरीत जाऊ नये."

तास मात्र व्हायचाच. ओसरीवर फक्त त्यांची बायको हमीदाभाभी, भिंतीकडे तोंड करून सुपात तुरडाळ निवडत. "मेलेल्यांची भाषा जित्यांनी किती ऐकायची?" असं पुटपुटत.

गेल्या वर्षी मास्तरांना विसरण्याचा आजार जडला. आधी फ्रेंच गेली. मग लॅटिन कविता, मग माझं नाव. पुस्तकं वाळवीनं नेली.

परवाच्या गुरुवारी मी भाजी द्यायला गेले. मास्तर फळ्यासमोर उभे होते. "आमो, आमास..." म्हणाले आणि थांबले. खडू तसाच हातात.

डाळीतून मान वर न काढता भाभी म्हणाल्या, "आमात, आमामुस, आमातिस, आमांत."

मास्तर त्यांच्याकडे बघतच राहिले. मग अदबीनं विचारलं, "तुम्ही कोणत्या कॉलेजात होता, बाई?"

भाभींनी डाळीतला एक खडा वेचून टाकला. मग मला म्हणाल्या, "वैनी, म्हंजे काय हो त्ये?"

मी इंग्रजी शिकलेली, म्हणून मास्तरांनी मला एकदा अर्थ सांगितला होता. "मी प्रेम करतो, तू प्रेम करतोस, तो प्रेम करतो. असं पुढं."

"या अल्ला. पन्नास वर्षं ट्यूबला म्हनत हुते व्हय?"

त्यानंतर सूप त्यांच्या मांडीवर तसंच राहिलं.

फ्रेंच काही उरलेली नाही. लॅटिनचं एक क्रियापद उरलं आहे, सहाही रूपांसकट. ते हमीदाभाभींकडे आहे.