बिराजदार सरांचं विकर

बिराजदार सर एसटीत दोन सीट अडवतात. एकीवर ते स्वतः, दुसरीवर त्यांचं विकर, म्हणजे एन्झाइमचा नमुना. सायकलच्या तारा आणि तुळजापूरच्या बाजारातले रंगीत मणी यांचं ते टोपलीएवढं भेंडोळं मांडीवर मावत नाही.

"सर, ह्याला लगेज लागंल," कंडक्टर म्हणतो.

"तुमच्या पोटात असले लई हायत. त्यांचं लगेज भरता का?"

मी त्यांच्याच कॉलेजात, धाराशिवला, मराठी शिकवतो. सर रसायन शिकवतात, आणि पाच मिनिटं जवळ उभं राहणाऱ्याला सोडत नाहीत. शास्त्रज्ञ विकराचे मिठासारखे खडे, स्फटिक, बनवतात. त्यांवर क्ष-किरण सोडतात आणि ते कसे विखुरले यावरून आतला कण न कण कुठं बसलाय ते काढतात. मग भेंडोळ्यात बोट घालून सर ओरडतात, "खोबण बघा, खोबण!" दुधातली साखर त्या खोबणीत बसते आणि मार्गी लागते. मी त्यांची भरपूर टिंगल केली. पण एखादी गोष्ट इतकी तळापर्यंत मला आजवर कळलेली नाही, हेही खरं.

सरांची जुनी विद्यार्थिनी सविता तेर गावात दिलेली. पहिली मुलगी तान्हेपणीच गेली. दुसरीचा रोग सोलापूरच्या डॉक्टरांनी वेळेत ओळखला आणि दूध तोडून सोयाबीनची भुकटी सुरू केली. सासूला पुरावाच मिळाला. "रानातलं सोयाबीन चालतंय अन् आईचं दूध न्हाय? हिच्या दुधातच खोट हाय." सविताला कायमचं माहेरी धाडायचं ठरलं. हे कळताच सर भेंडोळं घेऊन निघाले, सोबत मी.

ओट्यावर सासूपुढं त्यांनी ते मांडलं. "मावशी, हा मणी दुधातली साखर. बसवा खोबणीत."

बसला. सरांनी खोबणीतला एक मणी काढून तिथं जाडा घातला. "आता बसवा." साखर तीनदा घरंगळली.

"लेकराच्या अंगात असं झालंय. साखर साचते, तिचंच इख होतं. दूध चांगलंच हाय. गायीचं पाजा, तेच होणार."

"मग ह्यो जाडा मणी आला कुठनं?"

"एक आईकडनं, एक बापाकडनं. दोघांकडनं आला तरच असं होतं."

म्हातारीनं लेकाकडे पाहिलं. "म्हंजे तू बी व्हय रं?" लेक गोठ्याकडे बघू लागला.

तिनं मणी आणखी एकदा बसवून पाहिला. मग आत हाक मारली, "सविते, बॅग सोड. कुठं जायचं न्हाय."

मला सरांचा फार अभिमान वाटला. स्टँडकडे चालताना तसं म्हणालोही.

"माझ्या आधीची बहीण अशीच तान्ही गेली," ते म्हणाले. "कशानं, कुणालाच कळलं नाही. सगळे आईच्या दुधालाच बोलले. पुढं मी झालो, तर भीतीनं तिनं मला अंगावर घेतलंच नाही. शेळीच्या दुधावर वाढलो."

सरांनी भेंडोळं या हातातून त्या हातात घेतलं.

"आईच्या दुधानं मला काही झालं नसतं हो," ते म्हणाले. "शेळीच्या दुधातही तीच साखर असते. मी धडधाकट होतो."